सटवाजीची हिरवी

उर्दू वाचणारी माणसं परभणीत आजही हवी तेवढी सापडतील. पण निजामाच्या राज्यातल्या कचेऱ्यांची ती घाईघाईची, अक्षरांचे नुक्ते, म्हणजे ठिपके, खाल्लेली घसीट उर्दू वाचणारं आता कोण उरलंय? चार ठिकाणी विचारत विचारत पुण्याचा निखिल माझ्या दारात आला, तो असा. तिशीतला इंजिनिअर आहे. जुन्या मोटारी घ्यायच्या, खिळा खिळा सुटा करायचा आणि होत्या तशा परत उभ्या करायच्या, हा त्याचा नाद. आता नादच तो, त्याला आपण काय बोलणार!

सेलूच्या एका व्यापाऱ्याच्या नातवाकडून त्याला एक मोटार मिळाली होती. पत्र्याच्या शेडमध्ये कित्येक वर्षं पडून होती म्हणे, कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात. गाडीबरोबर एका ट्रंकेतून कागदांचं बाड निघालं. निखिलला त्या मोटारीच्या सगळ्या मालकांची नावं हवी होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधला एकही न सुटता. "कोणाकोणाची होती ते कळलं नाही ना काका, तर गाडी पूर्ण झाली असं मला वाटतच नाही," तो म्हणाला.

त्यानं फोटो काढून दाखवला आणि मी गार झालो. हिरवा रंग, पोपडे धरलेला. बाकी सगळी तीच.

"आणि हे बघा," तो म्हणाला, "पुढच्या डाव्या मडगार्डच्या काठाला दोन खाचा आहेत. कानशीनं घासून केल्यासारख्या. रंगारी म्हणतो भरून टाकू. गुरुवारी भरणारच आहे. आणि हा कागद. वर उर्दू पत्र, खाली त्याचं कचेरीनं केलेलं मराठी. मराठीत चार ओळी आहेत, उर्दूत मला पाच दिसतात. तेवढं वाचून द्या."

मी म्हणालो, "चष्मा बदलायला टाकलाय. उद्या ये."

चष्मा माझ्या नाकावर होता! पोरगा चांगल्या घरचा असावा. त्यानं चष्म्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि "बरं, उद्या सकाळी येतो" म्हणून उठला. सूनबाईनं केलेला चहा तसाच राहिला. तो गेला आणि माझ्यासमोर सटवाजी येऊन उभा राहिला, पायताण दाराबाहेर काढून.

सटवाजी खंडूजी, वालूरच्या शिवारातल्या धनगरवस्तीवरचा. उंच, वाळका, डोक्याला लाल रुमाल, आणि डोळे सदा बारीक केलेले, लांबचं काही मोजत असल्यासारखे. मोजतच असायचा तो. बापजाद्यांपासून मेंढरं राखणारा माणूस, समोर जे येईल ते नजरेनं मोजून टाकायचा. कचेरीत आला की खुर्च्या मोजायचा, छताचे वासे मोजायचा. "काहून मोजता हो?" विचारलं तर म्हणायचा, "सवं हाय बगा. न्हाई मोजलं तर जिवाला चैन पडत न्हाई."

हा माणूस मोटारीला कसा लागला त्याची गोष्ट वालूरकडची माणसं हसून सांगायची. त्या भागातल्या जहागीरदारांची मोटार एका पावसाळ्यात काळ्या चिखलात रुतली. दहा माणसं ढकलून थकली. सटवाजी मेंढरं घेऊन चालला होता. त्यानं काही न बोलता अंगावरचं घोंगडं काढलं आणि मागच्या चाकाखाली अंथरलं. मोटार निघाली, घोंगड्याच्या चिंध्या झाल्या. जहागीरदारांनी त्याला नवं घोंगडं घेऊन दिलं आणि सटवाजीलाही ठेवून घेतलं. सहा महिने हैद्राबादला पाठवून मोटार शिकवली. कळप त्याच्या भावाकडे गेला आणि सटवाजी ड्रायव्हर झाला.

पण ड्रायव्हर तो फक्त पगारापुरता. आतून मेंढक्याच. मोटारीत पाय ठेवायच्या आधी पायताण काढणार, अनवाणीच चालवणार. शेजारच्या सीटला काठी टेकवलेली. ती कशाला? तर म्हणे काठीवाचून हात मोकळा मोकळा वाटतो. मोटारीला मोटार कधी म्हणायचा नाही. 'हिरवी' म्हणायचा. हँडल मारायच्या आधी तिच्या टपावर, म्हणजे बॉनेटवर, थोपटून जिभेनं टक टक असा आवाज काढायचा, कळपाला हाकताना काढतात तसा. आणि ती चालू व्हायची हो! दुसऱ्या कुणी हँडल मारलं की खोकायची, धूर सोडायची आणि बंद पडायची.

एकदा जहागीरदारांनी जिल्ह्याच्या अव्वल तालुकदाराला मोटारीतून पाथरीकडं नेलं. म्हणजे त्या वेळचे कलेक्टरच ते. वाटेत कुणाचा तरी मोठा कळप आडवा आला. तालुकदार म्हणाले, "भोंगा वाजव." सटवाजीनं वाजवला नाही. मोटार थांबवली, काठी घेऊन उतरला आणि त्या धनगराबरोबर मेंढरं वाटेच्या कडेला काढत बसला. तालुकदार लालेलाल. परत आला तेव्हा त्यानं हात जोडून सांगितलं, "सायेब, भोंगा वाजिवला असता तर मेंढरं चार दिशेला फाकली असती. मंग तुमाला हितंच सांज झाली असती." जहागीरदार मागच्या सीटवर रुमाल तोंडाला लावून हसत होते. मालकाचं कौतुक करायचं म्हटलं की ही गोष्ट सटवाजी हटकून सांगायचा. "दुसरा मालक असता तर मला चाबकानं फोडला असता. आमचा हसला!"

मालक म्हणजे त्याचा देव. मालकाबद्दल वावगा शब्द कुणी काढला की तिथून उठून जायचा.

आता मी कुठून आलो यात? मी तेव्हा चोविशीतला, परभणीच्या एका सरकारी कचेरीत हंगामी कारकून. हंगामी म्हणजे आज आहे, उद्या नाही. माझं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं आणि ज्या उर्दूवर नोकरी मिळाली तीच गळ्यातली धोंड झाली. नवे साहेब मुंबई इलाख्यातून आले. त्यांना उर्दूचं अक्षर येत नव्हतं. जुनी दप्तरं उर्दूत, नवा कारभार मराठीत, आणि मध्ये आम्ही दोघं: पेशकार, म्हणजे आमचा हेडक्लार्क, आणि मी. त्यातही पेशकाराला मोतीबिंदू. म्हणजे साहेबांसाठी जुन्या कागदात काय लिहिलंय ते मी सांगेन तेच.

पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, निघून गेलेल्या जहागीरदारांच्या मागे राहिलेल्या, सरकारजमा व्हायच्या वस्तूंची यादी करायला आम्ही वालूरला गेलो. वस्तीवर पोचलो तर काय पाहावं? मेंढरांच्या मधोमध काहीतरी मोठं, घोंगड्यांनी झाकलेलं. चाकं दगडांवर चढवून ठेवलेली, टायर खराब होऊ नयेत म्हणून. दोन कोकरं टपाच्या खाली ऊब धरून बसलेली. सटवाजीनं पायताण काढलं, एक एक घोंगडं उचललं आणि हिरवी दिसली. आरशासारखी लख्ख.

"कोणाची रे ही?" पेशकारानं विचारलं.

धनगर माणसाला असं विचारलं की तो एका शब्दात सांगत नाही. कळपातली कुठलीही मेंढी दाखवा, तिची आई कोणती, आजी कोणती, कोणत्या बाजारातून आली, सगळं तो सांगणार. सटवाजीनं तसंच सुरू केलं. काठीवर दोन्ही हात ठेवून, सुरात:

"पयली ही हिरवी शिकंदराबादच्या गोऱ्या डाक्टरची. त्याच्या बायकूला पेट्रोलचा वास सोसंना, म्हून त्यानं ती रेल्वेच्या कंत्राटदाराला दिली. कंत्राटदार मेला. त्याच्या बायकूनं दोन वर्सं पडद्यात ठिवली, कुणाला हात लावू दिला न्हाई. तिच्याकडनं आमच्या मालकानं घेतली." इथं तो थांबला, जरा लाजल्यासारखं हसला. "अन् मालकाकडनं माझी."

"तुझी?"

"माझी. मालक जाताना बोलले, सटवाजी, आजपासून तुजी. कागुद दिलाय." मग त्यानं मला हाताला धरून पुढच्या चाकापाशी नेलं. मडगार्डच्या काठाला दोन खाचा होत्या. "आमच्या घरच्या समद्या मेंढरांच्या डाव्या कानाला दोन खाचा असत्यात. हीच आमची खूण. हिला कान न्हाई, म्हून म्या हितं केल्या. कानस आणून. लय जपून केल्या बगा, हिला दुखू ने म्हून."

पेशकार पोट धरधरून हसला. मी पण हसलो. पेशकार हसतोय म्हणून हसलो असं आता म्हणावंसं वाटतं, पण खोटं कशाला बोलू? मला हसू आलंच होतं.

कागद त्यानं दाखवला, पण उघडू दिला नाही. बांबूच्या नळीत, कापसात गुंडाळून ठेवलेला. "हितं नगं मुन्शीजी. मोठ्या सायबाम्होरं उघडू. सारखा उघडला की शाई उडंल." आम्ही उर्दू कारकून त्याच्या लेखी सगळे मुन्शीजी. वस्तीवर वाचणारं कुणी नव्हतंच. मालकानं तोंडानं सांगितलं, तेवढं त्याला पुरेसं होतं.

मग तो दिवस आला. साहेबांनी सटवाजीला मोटार आणि कागद घेऊन परभणीला बोलावलं.

सकाळी पेशकार माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "साहेबांना दौऱ्याला मोटार नाही. फार हाल होतात त्यांचे." पान चघळत जरा उभा राहिला. मग म्हणाला, "हंगामी लोकांची यादी आज साहेबांपुढं आहे. कोण ठेवायचे, कोण काढायचे." आणि गेला. बस, एवढंच. दोन बोलणी दोन विषयांवरची. ती जोडली मी. त्यानं सरळ सांगितलं असतं, की बाबा रे असं असं वाच, तर फार बरं झालं असतं. निम्मा दोष त्याच्यावर ढकलून म्हातारपण काढता आलं असतं.

सटवाजी आला तो नवं धोतर नेसून. हिरवी कचेरीच्या लिंबाखाली उभी केली, तिला झेंडूची माळ घातली. पायताण व्हरांड्यात काढलं. साहेबांसमोर काठी तेवढी हातात होती. नळी उघडली, कापूस काढला आणि कागद दोन्ही हातांवर ठेवून माझ्यापुढं धरला.

मी आधी मनात वाचला. अक्षर जहागीरदारांचंच, घाईचं. पहिल्या चार ओळींत लिहिलं होतं की मी हैद्राबाद सोडून जातोय, माझी हिरव्या रंगाची मोटार सटवाजी वल्द खंडूजी धनगर याच्याकडे आहे, त्यानं ती अकरा वर्षं इमानानं सांभाळली, आणि ती त्याच्याच हवाली करतो. आणि पाचवी ओळ: 'आज से यह मोटर सटवाजी मज़कूर की मिल्क है, मेरा या मेरे वारिसों का इस पर कोई दावा नहीं.' आजपासून ही मोटार सटवाजीच्या मालकीची, माझा किंवा माझ्या वारसांचा हिच्यावर काही हक्क नाही. खाली सही.

मी चार ओळी मराठीत सांगितल्या. "...आणि ती त्याच्याच हवाली करतो," म्हणालो, आणि कागद खाली केला.

सटवाजी वाट बघत उभा. "फुडं?"

"एवढंच."

त्यानं मान पुढं करून कागदाकडं बघितलं. डोळे बारीक केले. अरे देवा, मला आधी सुचायला हवं होतं! "मुन्शीजी," तो अगदी हळू म्हणाला, "वळी पाच हायेत. तुमी चारच वाचल्या का काय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. साहेब वाईट नव्हते हो. त्यांनीच विचारलं, "काय लिहिलंय पाचवीत? नीट बघा." मी पाचवी ओळ वाचली असती तर त्यांनी मोटार सटवाजीच्या नावावर करून दिली असती, याची मला आज खात्री आहे. तेव्हाही होती.

मी म्हणालो, "तारीख आणि ठिकाण आहे, साहेब."

"म्हणजे सांभाळायला दिली होती. मालकीचं काही नाही?"

"नाही साहेब."

सटवाजी कागदाकडंच बघत राहिला. माझ्याकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही. मुन्शी कागद खोटा वाचतो, हे त्याच्या मनात यायला जागाच नव्हती. त्यानं वादही घातला नाही. बाहेर गेला, हिरवीच्या गळ्यातली माळ काढली, आत येऊन लोखंडी हँडल साहेबांच्या टेबलावर ठेवलं. "राखाया दिली हुती, राखली," म्हणाला. सीटवरचं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि वालूरच्या वाटेला लागला. एवढी लांब वाट, पायी. मी टेबलाशी बसून चार ओळींचं मराठी केलं, खाली सही ठोकली. चार दिवसांनी मी कायम झालो. घरी पेढे वाटले. वाटले म्हणजे काय, मीच वाटले, या हातांनी.

इथवर लाज वाटण्याजोगं पुष्कळ झालं, पण ते एवढ्यावर संपलं नाही.

महिनाभरानं सटवाजी माझ्या खोलीवर आला.  वाटलं, कुणाकडून तरी वाचून घेतलं असणार. पण कागद तर फायलीत होता, माझ्याच कपाटात. तो दारात बसला, आत येईना. काखेतलं नवं कोरं घोंगडं माझ्यासमोर ठेवलं.

"हे काय?"

"तुमाला आणलंय. घरच्या लोकरीचं हाय." मग काठीनं जमीन उकरत म्हणाला, "तुमी खरं वाचलं म्हून कळलं, मुन्शीजी. न्हाई तर म्या येडा, मरस्तवर 'माझी माझी' करत हिंडलो असतो. लोक त्वांडावर हसले असते. मालक तोंडानं बोलले, पर लिव्हताना हात आखडला त्यांचा. मोठ्या लोकाचं काय, बोलायला काय जातंय!"

मालकाबद्दल वाईट ऐकून उठून जाणारा माणूस हा. आता स्वतःच बोलत होता. मोटार गेली त्याचं एक वेळ सोडा. त्या भल्या माणसानं, घरदार सोडून निघताना, घाईत, आपल्या ड्रायव्हरला आठवून पाचवी ओळ लिहिली होती. आणि त्याच्याबद्दल सटवाजीच्या मनात मी हे भरवलं होतं.

तोंड उघडायचं होतं मला. खरंच सांगतो, शब्द इथपर्यंत आले होते. मी म्हणालो, "थंडीचं उपयोगी पडेल." आणि घोंगडं घेतलं. ते अजून माझ्याकडे आहे. एकदाही अंगावर घेतलं नाही, टाकलंही नाही. सूनबाई दर दिवाळीच्या साफसफाईत विचारते, "बाबा, हे कसर लागलेलं ठेवायचं का?" मी तिच्यावर खेकसतो.

पुढच्या थंडीत हिरवी चालू होईना. नवा ड्रायव्हर हँडल मारून मारून हात सुजवून बसला. साहेबांनी सटवाजीला बोलावणं धाडलं. आला बिचारा. टपाला कान लावला, टपावर आपलं घोंगडं पांघरलं, चूल पेटवून पाणी गरम करून आत ओतलं आणि थोपटलं. एका झटक्यात चालू! साहेब खूश. म्हणाले, "सटवाजी, तूच ड्रायव्हर म्हणून राहा इथं." मी फाइल घेऊन शेजारीच उभा होतो.

सटवाजी म्हणाला, "न्हाई सायेब. राखणदार हाव ह्ये कळलं न्हवतं, तवर ठीक हुतं." आणि नव्या ड्रायव्हरला टक टक कसं करायचं ते शिकवायला बसला. त्याला काही ते जमलं नाही.

तेव्हा सांगता आलं असतं. साहेबांची बदली झाली तेव्हा सांगता आलं असतं. मोटार लिलावात निघाली आणि सेलूच्या व्यापाऱ्यानं कागदांसकट घेतली, तेव्हा लिलावाची फाइल माझ्याच हातात होती, तेव्हा तर नक्कीच. दर वेळी काहीतरी निघायचं. आधी नोकरीची भीती, मग बढती, मग मुलांची शिक्षणं, मग वाटायला लागलं की आता काय उपयोग. भित्र्या माणसाला कारणांचा तुटवडा कधी पडत नाही, मी स्वतःवरून सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निखिल आला. चष्मा नाकावर होताच. मी म्हणालो, "आधी लिहून घे." आणि सटवाजीनं सांगितलं होतं तसं सांगत गेलो. शिकंदराबादचा गोरा डॉक्टर, पेट्रोलचा वास न सोसणारी त्याची बायको, रेल्वेचा कंत्राटदार, दोन वर्षं गाडी झाकून ठेवणारी त्याची विधवा, मग जहागीरदार. निखिलनं वहीतून डोकं वर काढलं. "काका, याचा एकही कागद नाही कुठं! तुम्हाला कसं माहीत?"

"चौथ्यानंतरच्या मालकानं सांगितलं."

मग मी तो कागद घेतला आणि वाचला. पाची ओळी. पाचवी दोनदा वाचली, आधी उर्दूत, मग मराठीत. 

निखिलचं पेन थांबलं. "पण खालच्या मराठीत ही ओळ नाही. ज्यानं केलं त्यानं गाळली?"

"गाळली."

"चुकून?"

"नाही."

"कोण होता हा? सही लागत नाहीये मला."

शेजारी वर्तमानपत्र पडलं होतं. मी त्याच्याकडून पेन मागून घेतलं आणि समासात माझी सही केली. शेवटचा फराटा अजून तसाच येतो. निखिलनं वर्तमानपत्र उचललं, कागदाशेजारी धरलं. दोन्ही सह्या ताडून पाहिल्या. "का, काका?" एवढंच म्हणाला.

"कायम व्हायचं होतं."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानं खिशातून फोन काढून पुण्याला लावला आणि रंगाऱ्याला सांगितलं, "त्या दोन खाचांना हात लावायचा नाही. नाही नाही, बिघाड नाहीये तो." मग वहीत लिहिलं: सटवाजी खंडूजी, वालूर. पुढं दोन रिकाम्या जागा सोडल्या. प्रत्येक मालकापुढं तो तशा सोडत होता, कधीपासून आणि कधीपर्यंत.

"कधीपासून ते सांगतो," मी म्हणालो. "कधीपर्यंत ते कसं सांगू? त्यानं ती कुणाला दिलीच नाही."

त्यानं दुसरी जागा तशीच ठेवली. वालूरला सटवाजीचं कुणी असेल, जाऊन सांगू या का, असंही त्यानं विचारलं. मी म्हणालो गुडघे दुखतात. दुखतात हे खरंच आहे. तो म्हणाला, "मी गाडी घेऊन येतो रविवारी." मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. जाताना दारात थांबून त्यानं विचारलं, "पुन्हा कधी भेटले ते तुम्हाला?"

"नाही," म्हणालो. हेही खोटंच. एकदा भेटला होता. ते त्याला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथं लिहून टाकतो. रविवारी आला की हे त्याच्या हातात देईन.

उन्हाळ्याचे, लग्नसराईचे दिवस. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याला तीनचार वर्षं झाली असतील. मी कचेरीच्या कामानं एसटीनं निघालो होतो. देवगाव फाट्यावर बस थांबली. खिडकीतून बघतो तर फाट्यावर हिरवी उभी! झालरी लावलेली, फुलांनी मढवलेली, टप वर केलेला. सेलूच्या व्यापाऱ्याकडचं लग्न. नवरदेव मुंडावळ्या बांधून उन्हात घामाघूम, आणि ड्रायव्हर हँडल मारून हैराण.

तेवढ्यात कळप आला. मागून सटवाजी. केस पांढरे झाले होते, पाठीला जरा बाक आला होता, पण रुमाल लालच. त्यानं मेंढरं थांबवली, पायताण काढलं, कुणाला न विचारता टपाखाली वाकला. पेट्रोलची नळी सोडवून तोंडानं जोरात फुंकली, तोंडात आलेलं थुंकला, परत लावली. थोपटलं. टक टक केलं. हिरवी सुरू झाली. वऱ्हाडातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

नवरदेवाचा बाप कौतुकानं म्हणाला, "वा रे पाटील! तुला बरं कळतं हिचं? तुझीच होती की काय ही?"

सगळे हसले. सटवाजीचा अंगठा मडगार्डच्या काठावरून फिरला, त्या दोन खाचांवरून. मग त्यानं हात काढून घेतला.

"न्हाई वो मालक. म्या निस्ता राखणदार." त्याची नजर बसकडं गेली आणि खिडकीत मी दिसलो. चेहरा एकदम उजळला त्याचा. हात जोडले. "इचारा की ह्या मुन्शीजीला! त्यांनी सोता वाचलाय कागुद."

सगळं वऱ्हाड माझ्याकडं वळलं. कंडक्टरनं घंटी दिली. बस हलली.

मी खिडकीतून मान डोलावली. होय म्हणून.